अकालजात अर्भकांचा श्वसनाधार

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकास अकालजात अर्भक म्हणतात. त्याची फुप्फुसे अपक्व असल्यास श्वसनासाठी जे बाह्य साहाय्य द्यावे लागते, त्यास श्वसनाधार ही संज्ञा आहे. श्वासनालात नळी घालून यंत्राने हवा आत लोटणे हा त्याचा एक प्रकार. अर्भक स्वतः घेत असलेल्या श्वासास नाकावाटे मंद व अखंड दाबाची जोड देणे हा दुसरा, सौम्य प्रकार होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘सीपॅप’ या नावाने ओळखला जातो.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात अकालजात अर्भकास ऊब व दूध यांपलीकडे फारसे काही देता येत नसे. पॅरिस येथे स्तेफान तार्निये यांनी १८८० च्या सुमारास उबपेटी वापरात आणली. त्याच दशकात, १८८६ मध्ये, कोल्हापूर संस्थानाच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा अवघे दहा दिवस जगला होता. वैद्यकीय मदतीअभावी झालेला हा मृत्यू त्यांच्या वैद्यकीय शिक्षणामागील एक प्रेरणा मानला जातो. पदवीसाठी त्यांनी निवडलेला प्रबंधविषयही प्रसूतिशास्त्राचाच होता. तथापि, पदभार स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुणे येथे क्षयाने निधन झाले.

अकालजात अर्भके गुदमरतात का, याचा उलगडा होण्यास पुढे सात दशके लागली. फुप्फुसांतील वायुकोशांच्या आतील पृष्ठावर पृष्ठताण कमी करणारा एक मेदयुक्त पदार्थ असतो. गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत तो पुरेसा तयार होतो. त्याचा अभाव असल्यास श्वास सोडताच वायुकोश मिटतात व प्रत्येक श्वासागणिक ते नव्याने उघडण्याचे श्रम अर्भकास पडतात. मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी हे कारण १९५९ मध्ये दाखवून दिले. त्यानंतरही उपाय हाती नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये सुमारे साडेपाच आठवडे अगोदर जन्मला आणि दोन दिवसांच्या आतच या विकाराने दगावला.

उपायाची दिशा अर्भकांच्याच वर्तनातून मिळाली. अशी अर्भके श्वास सोडताना कण्हतात. हे कण्हणे म्हणजे कंठद्वार अंशतः मिटून फुप्फुसांत थोडी हवा राखण्याची धडपड होय, हे १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी सिद्ध केले. सॅन फ्रान्सिस्को येथील जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच दाब बाहेरून देण्याची योजना केली. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार २० गंभीर अर्भकांपैकी १६ वाचली. १९७३ पासून नाकपुड्यांत बसणाऱ्या आखूड नळ्या प्रचारात आल्या. न्यूयॉर्क येथे जेन-टिएन वुंग यांनी बुडबुड्यांची साधी पद्धत रूढ केली. तीत श्वास सोडण्याच्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवतात. टोक ५ सेंमी. खोल असल्यास तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा दाब फुप्फुसांत कायम राहतो.

मर्यादा : सौम्य उपचारही निर्धोक नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २५ ते २८ आठवड्यांच्या ६१० अर्भकांचा अभ्यास झाला. सीपॅप दिलेल्या गटातील निम्म्याहून अधिक अर्भकांना पहिल्या पाच दिवसांत नळी घालावी लागली नाही. परंतु फुप्फुसातून हवा निसटून छातीच्या पोकळीत साचण्याचे प्रमाण या गटात सुमारे ९ टक्के, तर आरंभीच नळी घातलेल्या गटात ३ टक्के होते. ऑक्सिजनाचा अतिरेक झाल्यास दृष्टिपटलास इजा होऊन अंधत्व येऊ शकते. नळ्या घट्ट बसल्यास नाकाच्या पडद्यास जखम होते.

महत्त्व : जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अकालजात अर्भकांच्या श्वसनविकारावर सीपॅपची शिफारस केली. पाण्याच्या बाटलीवर चालणारी ही पद्धत श्वसनयंत्रापेक्षा स्वस्त असल्याने मोठ्या शहरांबाहेरील रुग्णालयांना ती विशेष उपयुक्त ठरते. आनंदीबाईंची नेमणूक झालेले कोल्हापूरचे रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते व राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. अशा जिल्ह्याच्या ठिकाणी उपकरण मिळवणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. बुडबुडे थांबले का, नळी सरकली का, नाक लाल झाले का, हे रात्रंदिवस पाहणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका पुरेशा संख्येने असणे ही या उपचाराची खरी अट आहे.