गोन्साल्विस : एका आडनावाचा उगम आणि अर्थ

गोवा, वसई व मंगळूर या भागांतून नागपुरात येऊन स्थायिक झालेल्या अनेक कॅथलिक कुटुंबांची आडनावे पोर्तुगीज आहेत. ‘तुमचे पूर्वज पोर्तुगीज होते का?’ असा प्रश्न त्यांना वारंवार विचारला जातो. म्हणून त्यांपैकी गोन्साल्विस या आडनावाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

व्युत्पत्ती : गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा पुत्र. रोद्रिगोचा पुत्र रॉड्रिग्ज आणि फर्नांदोचा पुत्र फर्नांडिस, ही आडनावेही अशीच घडली. पुढे ती पिढ्यान्‌पिढ्या कायम राहिली. गोन्सालो हे नाव मध्ययुगीन लॅटिन कागदपत्रांत ‘गुंदिसाल्वुस’ असे आढळते. त्यातील ‘गुंद’ हा जर्मानिक शब्द असून त्याचा अर्थ युद्ध असा होतो. रोद्रिगो या नावातही ‘कीर्ती’ आणि ‘सत्ता’ या अर्थांचे जर्मानिक शब्द आहेत.

इतिहास : पाचव्या शतकात व्हिसिगॉथ हे जर्मानिक लोक आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत आले. ते एरियन पंथाचे होते. त्यांचा राजा रेकारेड याने इ. स. ५८७ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि ५८९ च्या टोलेडो येथील धर्मपरिषदेत ती जाहीर केली. कालांतराने त्यांची भाषा लोपली. नावे मात्र तेथील ख्रिस्ती जनतेत रुजली. आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस दी सेल्स यांचे ‘फ्रान्सिस’ हे नावदेखील फ्रँक या जर्मानिक लोकांच्या नावावरून आले आहे.

आपल्याकडे आगमन : गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली व १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. या काळात स्नानसंस्कार घेणाऱ्यांना सामान्यतः धर्ममातापित्यांचे किंवा धर्मगुरूंचे आडनाव मिळत असे. त्यामुळे असे आडनाव हा रक्ताच्या नात्याचा पुरावा नव्हे. ती बहुधा स्नानसंस्काराची आठवण असते. एकच आडनाव असलेली दोन घराणी परस्परांची भाऊबंद असतीलच असे नाही.

संत गोन्सालो गार्सिया : हे नाव धारण करणारा थोर संत वसईच्याच भूमीत जन्मला. संत गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज व आई स्थानिक होती. काही काळ व्यापार केल्यावर ते मनिला येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. जपानमध्ये दुभाषी म्हणून सेवा करीत असताना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मृत्यू आला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले. ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीस या रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते.

ज्या नावाच्या मुळाशी युद्ध आहे, ते नाव वसईच्या या सुपुत्राने निःशस्त्रपणे क्रुसापर्यंत नेले. गोन्साल्विस कुटुंबांनी आपल्या मुलांना नावाचा अर्थ सांगताना हेही अवश्य सांगावे.