मानमोडी : एक रोगनाम आणि साथीची पूर्वतयारी

साथीच्या पूर्वतयारीचा विचार सामान्यतः औषधे, रुग्णालये व कायदे यांच्या अनुषंगाने केला जातो. रोगाच्या नावाचा तीत काही वाटा असतो काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. खानदेशाच्या इतिहासातील एका अलीकडच्या प्रसंगाच्या आधारे तो येथे मांडावयाचा आहे.

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीस मराठी लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. ‘मान’ व ‘मोडणे’ यांपासून सिद्ध झालेले हे नाव रोगाचे कारण सांगत नाही, रोग्याची अवस्था तेवढी सांगते. कारण त्या वेळी वैद्यकासही ठाऊक नव्हते. माणसातील या रोगाचा विषाणू १९३३ साली प्रथम वेगळा करण्यात आला. सरकारी यंत्रणा तर प्लेगच्या अनुभवावर व १८९७ च्या साथरोग कायद्यावर उभी होती. जून १९१८ मध्ये मुंबईत दिसलेला हा ताप शरद ऋतूत उग्र रूपाने परतला आणि मुंबई इलाख्यात सुमारे १० लाख माणसे दगावली.

हाच शब्द मराठीत कोंबड्यांच्या राणीखेत रोगासही लावतात; त्या रोगात पक्ष्याची मान पिळवटते. एका शब्दाचे हे दोन अर्थ २००६ साली विलक्षण रीतीने एकमेकांजवळ आले. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या नवापूर येथे कुक्कुटशाळांतील पक्षी मरू लागले, तेव्हा हा राणीखेतच असावा असा प्रथम समज झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासल्यावर १८ फेब्रुवारीस तो एच५एन१ इन्फ्लुएंझा असल्याचे जाहीर झाले. भारतातील कोंबड्यांत या रोगाची ही पहिलीच नोंद होय. नाव बदलताच यंत्रणा हलली: लाखो पक्षी मारून पुरण्यात आले, कामगारांना संरक्षक पोशाख व प्रतिबंधक औषध मिळाले, माणसांचे नमुने पुण्यास तपासले गेले. एकाही माणसास लागण झाल्याचे आढळले नाही.

मार्चमध्ये हाच रोग जळगाव जिल्ह्यात, हातेड, मारूळ, सावदा आदी गावांतील परसातल्या कोंबड्यांत आढळला. जामनेर तालुकाही याच जिल्ह्यातला. कुक्कुटशाळेच्या मालकास पशुवैद्य जवळचा असतो; परसातल्या चार कोंबड्यांची पहिली वार्ता मात्र घरची बाईच देणार, आणि ती तिच्याच शब्दात देणार. ती ‘मानमोडी’ म्हणाली तर चुकली असे म्हणता येत नाही, कारण तिने लक्षण सांगितले आहे. चूक होते ती ऐकणाऱ्याची. ओळखीचे नाव कानी पडले की तो चौकशी थांबवितो.

म्हणून पूर्वतयारीच्या नोंदवहीत लोकांचे नाव जसेच्या तसे लिहावे, आणि त्यापुढे किती पक्षी, किती दिवसांत मेले हे विचारावे. नाव हा चौकशीचा आरंभ होय, निष्कर्ष नव्हे. हा भेद ज्या यंत्रणेने ओळखला नाही, तिचा आराखडा कितीही परिपूर्ण असला तरी तो उशिरानेच अमलात येईल.