श्रीकृष्णजन्मस्थान आणि गोकुळ

तुरुंगाला आपण थट्टेने श्रीकृष्णजन्मस्थान म्हणतो. रायपूरच्या तुरुंगात हे नाव एका हस्तलिखित पत्रालाच मिळाले. असहकाराच्या पर्वात, 1922 साली, पंडित सुंदरलाल शर्मा तेथे बंदिवान झाले. त्यांनीच ते पत्र चालविले. अशा देशभक्तांच्या सुटकेच्या दिवशी दाराशी माणसे हार घेऊन उभी राहत. पण हातून खून घडलेला एखादा शेतकरी शिक्षा भोगून बाहेर पडे, तेव्हा त्याला यमुनेपार नेणारा वसुदेव कोण, आणि पदरात घेणारे गोकुळ कोणते?

या प्रश्नाला औंध संस्थानाने 1939 साली धीट उत्तर दिले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच वर्षी, गांधीजींच्या सल्ल्याने, प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन त्या कार्यात सहभागी होते. त्यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळच्या दुष्काळी माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिचे नाव स्वतंत्रपूर!

भोवती तट नव्हता. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले कैदी तेथे शेती करीत आणि बायकामुले त्यांच्याजवळ राहत. प्रयोगाचे मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. बंद तुरुंगात कैद्याला भाकरी मिळते, पण बाहेर त्याचा संसार मोडतो. सुटकेच्या दिवशी परतायला घरच उरत नाही. स्वतंत्रपुरात घर मोडतच नसे. पळून जाणे सोपे होते; परंतु पळणाऱ्याला मुले आणि उभे पीक मागे टाकावे लागे. भिंतीचे काम असे संसाराने केले.

ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्याला हे कसे रुचावे? हा आक्षेप हलका नाही. मात्र येथे शिक्षा माफ झाली नव्हती; ती भोगण्याची रीत पालटली होती.

1948 साली औंध विलीन झाले, तरी वसाहत टिकली. 1955 साली जिनिव्हा येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने खुल्या बंदिगृहांचा पुरस्कार केला, तेव्हा स्वतंत्रपूर सोळा वर्षांचे होते. 1957 मध्ये त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला आणि हा प्रयोग देशभर पोहोचला.

चित्रपटातल्या कैद्यांवर प्रेक्षकांनी माया केली. खऱ्या कैद्याला शेजार देणे अधिक कठीण आहे. न्यायालयाच्या शिक्षेला मुदत असते. गावाने ठेवलेल्या संशयाला ती नसते. ती घालून देणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही, ते आपल्याच हाती आहे.