आल्बममधली रिकामी चौकट

पोस्टाचे तिकीट पाकिटावरून सोडवण्याची एक रीत आहे. तिकिटाभोवती बोटभर कागद राखून पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीत साधे पाणी घ्यायचे आणि तो तुकडा त्यात सोडून द्यायचा. घाई केली तर तिकीट फाटते. दहा-पंधरा मिनिटांनी डिंक विरघळतो, कागद आपणहून सुटतो, आणि मग ते ओले तिकीट चिमट्याने उचलून जुन्या वर्तमानपत्रावर पालथे वाळत घालायचे. महाडला शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाचसहा मुले हा उद्योग करत असू. जागा बहुधा आमच्या घराच्या मागच्या पडवीची, कारण तिथे ऊन थेट येत नसे.

जमवण्यापेक्षा अदलाबदलीचाच आनंद मोठा होता. आपल्याजवळ दोनदा आलेले तिकीट म्हणजे ‘डबल’, आणि ज्याच्याकडे डबल जास्त तो श्रीमंत. ‘मॅग्यार पोस्टा’ असे छापलेली हंगेरीची रंगीत तिकिटे दिसायला देखणी, पण ती सगळ्यांकडेच असत. त्यामुळे त्यांचा भाव पडलेला. ‘हेल्व्हेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, हे ज्ञान आम्हांला भूगोलाच्या पुस्तकाने दिले नाही, ते ह्या बाजाराने दिले. एका हेल्व्हेशियाला चार मॅग्यार, असा काहीसा दर होता. तो कोणी ठरवला कोण जाणे. पण ठरल्यावर सगळे पाळत आणि न पाळणाऱ्याशी कट्टी होई. बाजाराविषयी पुढे जे काही वाचले त्यातले पुष्कळसे मला त्या पडवीत आधीच कळलेले होते.

१४ एप्रिल १९९१ रोजी डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने एक रुपयाचे तिकीट काढले. आमच्यातल्या एका मित्राकडे ते त्याच सुट्टीत आले. त्याचे वडील मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांनी जीपीओतून ते आणले होते, कोरे, मागच्या डिंकासकट. ह्यावर बाबासाहेबांबरोबर माणसांचा समूहही होता. ते दृश्य कुठले, ह्याची चर्चा आमच्यात झाली नाही. मित्राने ते बघताक्षणी ठरवून टाकले होते : “हे आपलं तळं.” मी त्याला आधी चार, मग दहा परदेशी तिकिटे देऊ केली. तो म्हणाला, “डबल असतं तरी दिलं नसतं.” ह्या वाक्याने मी चक्रावलो, कारण आमच्या व्यवहारात डबल न देण्याला काही अर्थच नव्हता. पुढे त्याने ते आल्बममध्येही लावले नाही. त्याच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या काचेच्या आत, खालच्या कोपऱ्यात ते गेले.

छंद आणि इतिहास ह्यांच्या नात्याविषयी लिहायचे तर मला त्या न झालेल्या सौद्यापासूनच सुरुवात करावी लागते. संग्राहकाचे सारे लक्ष संच पूर्ण करण्याकडे असते. पण संच पूर्ण झाला म्हणजे काय झाले? जे छापले गेले ते सगळे मिळाले, एवढेच. काय छापायचे हे आधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे बेसबॉलपटूंची चित्रे असलेले छोटे पुठ्ठे पूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून आणि नंतर च्युइंगगमबरोबर मिळत. मुले ती जमवत, बदलत, त्यांवर पैजा लावत. मोठेपणी तीच मुले त्यांचा व्यापार करू लागली. १९०९ ते १९११ ह्या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या संचातले होनस वॅग्नरचे कार्ड ह्या छंदाचा कोहिनूर मानले जाते. २०२२ साली त्याची एक प्रत साडेबाहत्तर लाख डॉलरना विकली गेली. वॅग्नरने स्वतःच हरकत घेतल्यामुळे त्याची कार्डे थोडी छापली गेली, अशी कथा आहे. म्हणजे इथे दुर्मिळतेचे मूळ एका माणसाच्या नकारात आहे. परंतु त्याच काळात उत्तम बेसबॉल खेळणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूंना नकार देण्याची संधीसुद्धा नव्हती. मोठ्या लीगांची दारे त्यांना बंद होती, म्हणून कार्डांचीही बंद. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली आत आला तेव्हा कार्डांवरही आला. जॉश गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत वारला; ह्या थोर फलंदाजाला मोठ्या लीगमध्ये पाऊल टाकता आले नाही. त्याच्या फलंदाजीची सरासरी अधिकृत विक्रमांत समाविष्ट व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. आकडे मागाहून दुरुस्त करता येतात. पण एखाद्या दहा वर्षांच्या मुलाने १९४० साली खिशात बाळगलेले गिब्सनचे कार्ड आता मागाहून निर्माण करता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण ह्याहून जवळचे आहे. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली सिगारेटबरोबर क्रिकेटपटूंची पन्नास कार्डे काढली, त्यांत आपले रणजितसिंहजी होते. नेमक्या त्याच सुमारास पुण्याच्या मैदानांवर पळवणकर बाळू हा डावखुरा गोलंदाज साहेबांना सराव देत होता. पळवणकरांचे घराणे मूळचे कोकणातले, जात चांभार. हिंदू संघाला बाळूची गोलंदाजी हवी होती. पण चहाच्या सुट्टीत त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र कधीच मिळाले नाही; ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल ह्याला मिळाले. आंबेडकरांच्या तरुणपणी अस्पृश्य समाजाला अभिमानाने सांगता येतील अशी जी थोडी नावे होती त्यांत बाळूचे नाव वरचे होते. (दैवदुर्विलास असा की १९३७च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि हरला.) १९९६ साली टपाल खात्याने चार भारतीय क्रिकेटपटूंची तिकिटे काढली : सी. के. नायडू, विनू मंकड, विजय मर्चंट आणि प्रा. दि. ब. देवधर. चौघांच्याही योग्यतेविषयी शंका नाही. मी तो संच आवडीने जमवला. पाचव्या चौकटीचा विचार मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, बाळूविषयी वाचताना सुचला.

मातीच्या भांड्याचा तो तपशील वाचला तेव्हा मला पडवीतली वाटी आठवली. तिकिटे सोडवायला घरातून स्टीलची एक वाटी मिळत असे आणि काम झाल्यावर ती धुऊन स्वयंपाकघरात परत जात असे. हा मित्र येऊ लागल्यानंतर ती परत गेली नाही. मागच्या खिडकीत, पडवीच्या बाजूला तिची जागा झाली. डिंकाचे कारण सांगितले गेले. डिंक तर आधीही होताच, हे मला तेव्हा जाणवले नाही. जाणवले असते तर मी काय केले असते, हे आज सांगण्यात अर्थ नाही. त्याला जाणवले असेल काय? त्याने कधी तिकडे बोट दाखवले नाही. मात्र पुढल्या सुट्टीपासून तो आपली तिकिटे घरूनच सोडवून, वाळवून, वहीत दडपून आणू लागला.

आमच्या घरापासून चवदार तळे चालत दहा मिनिटांवर. त्या तळ्याचा इतिहास इथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही, पण कागदांच्या दृष्टीने त्याकडे पाहिले तर तो थोडा निराळा दिसतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे आपला ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी त्याला हात लावला नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने जाऊन आंबेडकरांनी व प्रतिनिधींनी ते पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाची प्रथमच कोणीतरी परीक्षा घेतली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे : वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार असल्याची हूल, प्रतिनिधींवर हल्ला, मग शेण-गोमूत्र-दूध-दही घालून १०८ घागरींचे शुद्धीकरण. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दिवाणी दावा आणि मनाईहुकूम आला. २५ डिसेंबरला आंबेडकरांनी एक पुस्तकच जाळले. कागदाला कागदाने उत्तर देण्याचा तो प्रसंग होता, असे मला वाटते. दाव्याचा शेवटचा निकाल उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी आंबेडकरांच्या बाजूने लागला. घोटभर पाण्याला दहा वर्षे लागली.

डिसेंबरच्या त्या परिषदेचा एक तपशील मला नेहमी थबकवतो. फत्तेखान ह्यांनी दिलेल्या जागेवर उभारलेल्या मांडवात एकच तसबीर होती आणि ती गांधींची होती. तसबीर लावायची तर दुसरी कोणाची लावणार? आंबेडकर स्वतः समोर उभे होते आणि जोतीराव फुल्यांची छापील छबी तेव्हा किती घरांत होती? एका चळवळीजवळ स्वतःची चित्रे नाहीत, म्हणून ती दुसऱ्याचे चित्र भिंतीवर लावते, इतका तो साधा भाग असावा.

पुढल्या तीसचाळीस वर्षांत ही उणीव ज्या वेगाने भरून निघाली, त्याला जोड नाही. आणि ती सरकारने भरून काढली नाही. सरकारी टपालतिकीट आले ते १४ एप्रिल १९६६ रोजी, पंधरा पैशांचे, बाबासाहेबांच्या निधनानंतर जवळजवळ दहा वर्षांनी. दुसरे १९७३ साली. फुल्यांचे १९७७ साली, शाहू महाराजांचे १९७९ साली, सावित्रीबाईंचे तर १९९८ साली. (पहिले तिकीट नाशिकच्या छापखान्यात छापले गेले, १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला ते हेच नाशिक.) पण तोवर घरोघरी रंगीत छब्या होत्या, कॅलेंडरे होती, जलशांच्या आणि भीमगीतांच्या पुस्तिका होत्या, छातीवर लावायचे बिल्ले होते. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला, नागपूरला दीक्षाभूमीवर आणि महाडला २० मार्चला ह्यांची दुकाने रस्त्याच्या कडेला मांडली जात आणि आजही जातात. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेले बाबासाहेब आपण डोळ्यांपुढे आणतो, ते ह्याच चित्रांमुळे. कॅमेऱ्याचा त्यात भाग नाही. कोण्या चित्रकाराने मागाहून कल्पिलेले ते चित्र हजारो घरांत गेले आणि आठवण होऊन बसले.

ह्या छापील मालाला आपल्या अभ्यासकांनी फार काळ साहित्य मानले नाही, ग्रंथालयांनीही तो जपला नाही. पाठ्यक्रमात दलित आत्मकथने आली, त्यांची समीक्षा आली. आठ आण्यांच्या पुस्तिकेवर कोणी प्रबंध लिहिला तर परीक्षकाच्या भुवया उंचावत. ती राखली ती हौशी माणसांनी. वसंत मून ह्यांनी आंबेडकरांचे लेखन जमवून, लावून १९७९पासून सरकारी खंडांच्या रूपाने आणले, हे आपण विद्वत्तेचे काम म्हणून गौरवतो, पण त्याच्या तळाशी एका संग्राहकाची हाव आहेच. विजय सुरवाडे ह्यांनी जमवलेली छायाचित्रे आणि पत्रे नसती तर आज कितीतरी पुस्तके चित्रांवाचून राहिली असती. ह्या मंडळींमध्ये अदलाबदल चालते तिचा दर निराळा असतो. एका दुर्मिळ छायाचित्राच्या प्रतीच्या बदल्यात दुसऱ्याची प्रत, एखाद्या पुस्तिकेच्या बदल्यात तिच्यातल्या कवीचा ठावठिकाणा. मूळ वस्तू सहसा हात बदलत नाही, माहिती बदलते.

नाण्यांचा बाजार मात्र खरा बाजार आहे. जन्मशताब्दीनिमित्त १९९०चे साल असलेला एक रुपया निघाला, तो चलनात होता. माणसांनी त्याने भाजी आणली, तिकीट काढले. सव्वाशेव्या जयंतीच्या निमित्ताने ६ डिसेंबर २०१५ रोजी दहा रुपयांचे आणि एकशेपंचवीस रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. पैकी दुसरे केवळ संग्रहासाठी. संग्राहक आधी वर्षाखाली मुंबई टांकसाळीची चौकट आहे की हैदराबादचा तारा, हे बघतात. चेहऱ्याकडे त्यांचे लक्ष त्यानंतर जाते. मला ह्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. असल्या निर्विकार नजरेलाच खोटी नाणी आणि बनावट तिकिटे ओळखता येतात; भक्ताला ती ओळखू येत नाहीत. तरीही ते नाणे प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपणारा आणि ते देव्हाऱ्याच्या जागी ठेवणारा, हे दोघे एकाच वस्तूविषयी बोलत आहेत असे मला म्हणवत नाही.

काही वर्षांपूर्वी २० मार्चला मी महाडला होतो. तळ्याच्या काठाला गर्दी होती, क्रांतिस्तंभाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुस्तकांचे ढीग होते. एका चादरीवर बिल्ल्यांशेजारी १९९०चे रुपये मांडलेले दिसले, प्रत्येकी पन्नास रुपयांना. माझा मित्र बरोबर होता. आता तो एका शाळेत इतिहास शिकवतो आणि नाणीही जमवतो. त्याने एक नाणे उचलले, डोळ्यांजवळ नेले, साल बघितले, टांकसाळीची खूण बघितली आणि परत ठेवले. “हे आहे माझ्याकडे. डबल आहे,” तो म्हणाला. मग दुकानाशी उभ्या असलेल्या एका लहान मुलाकडे बघून त्याने विक्रेत्याला पन्नास रुपये दिले आणि ते नाणे त्या मुलाच्या हातावर ठेवले.

माझ्या आल्बममध्ये आंबेडकरांच्या पानावर १९६६ आणि १९७३ची तिकिटे आहेत. त्यांच्याखाली पेन्सिलीने आखलेली एक चौकट आहे आणि तिच्याखाली मुलाच्या अक्षरात ‘१९९१’ असे लिहिले आहे. ते तिकीट दुर्मिळ नाही. कुठल्याही व्यापाऱ्याकडे सहज मिळते.