मिस्टर बीनची मोटार आणि विजेचा हिशेब

दाराला कडी-कुलूप लावलेल्या हिरवट मिनी मोटारीतून लंडनभर धडपडणारा ‘मिस्टर बीन’ मराठी घरांतही ओळखीचा आहे. ती भूमिका करणारे रोवन अ‍ॅटकिन्सन शिक्षणाने विद्युत अभियंता आहेत, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. न्यूकॅसल विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात याच शाखेचे पुढील शिक्षण घेतले. मोटारींचे वेड त्याहून जुने. अवजड मालट्रक चालविण्याचा परवानाही त्यांनी मिळविला. अशा माणसाने ३ जून २०२३ रोजी ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकात विद्युत मोटारींविषयी शंका मांडणारा लेख लिहिला, तेव्हा मोठा वाद उसळला.

अ‍ॅटकिन्सन यांच्या मोटारप्रेमाची कल्पना त्यांच्या मॅक्लारेन एफ-१ वरून येते. बीएमडब्ल्यूचे ६.१ लिटरचे, बारा सिलिंडरचे इंजिन असलेल्या या मोटारी सर्व प्रकार मिळून अवघ्या १०६ बनल्या. १९९८ साली या मोटारीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला होता. १९९७ मध्ये घेतलेली आपली मोटार अ‍ॅटकिन्सन यांनी तिजोरीत ठेवली नाही. ते ती बाजारहाटालाही नेत. २०११ मध्ये पीटरबरोजवळ ती झाडावर आदळून पेटली. दुरुस्तीसाठी विमा कंपनीने सुमारे ९ लाख १० हजार पौंड मोजले आणि हा ब्रिटनमधील विक्रम ठरल्याचे सांगितले गेले. तरीही ती पुन्हा रस्त्यावर आली आणि २०१५ मध्ये सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. तोवर तिचे सुमारे ४१ हजार मैल, म्हणजे ६६ हजार किलोमीटर झाले होते.

अ‍ॅटकिन्सन यांना विजेवरील मोटारींचा तिटकारा नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. संकरित मोटार त्यांनी हा लेख लिहिण्यापूर्वी १८ वर्षे, तर निव्वळ विजेवरची ९ वर्षे आधी घेतली होती. त्यांचा आक्षेप निर्मितीच्या टप्प्यावर आहे. ग्लासगो येथे २०२१ मध्ये भरलेल्या हवामान परिषदेच्या सुमारास व्होल्वो कंपनीने जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार, विद्युत मोटार तयार करताना होणारे उत्सर्जन तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा सुमारे ७० टक्के अधिक असते. त्यातील मोठा वाटा बॅटरीचा. याहून त्यांचा मोलाचा मुद्दा मोटार बदलण्याच्या सवयीविषयी आहे. भाडेकराराच्या पद्धतीमुळे ब्रिटनमध्ये नवी मोटार तीन वर्षांत पहिल्या मालकाच्या हातून सुटते. ती पाच वर्षे वापरली, तर कारखान्यांतील उत्सर्जन बरेच घटेल, असे ते म्हणतात. आजची साधी मोटारही नीट राखल्यास ३० वर्षे टिकू शकते, मग चांगली जुनी पेट्रोल मोटार घाईने काढून का टाकावी, असा त्यांचा सवाल आहे.

या लेखाला त्याच दैनिकात उत्तर मिळाले. हवामानविषयक ‘कार्बन ब्रीफ’ या संकेतस्थळाचे सायमन इव्हान्स यांनी अ‍ॅटकिन्सन यांचा हिशेब अर्धवट असल्याचे दाखवून दिले. ‘कार्बन ब्रीफ’च्या २०१९ मधील पडताळणीनुसार, ब्रिटनमध्ये घेतलेल्या निसान लीफचे निर्मितीतले जादा उत्सर्जन दोन वर्षांच्या आत भरून निघते. वापरातली सर्वसाधारण पेट्रोल मोटार बाजूला सारून नवी लीफ घेतली, तरी चार वर्षांच्या आत बचत सुरू होते. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पर्यावरणविषयक समितीचा अहवाल आला, तेव्हा समितीपुढे ‘ग्रीन अलायन्स’ या संस्थेने दिलेल्या निवेदनात या लेखाचा हानिकारक म्हणून नावानिशी उल्लेख होता. विनोदी नटाच्या एका लेखाला संसदीय समितीत असे स्थान मिळावे, हे थोडे अतिच झाले; पण लोक तो लेख वाचून खरेदी लांबणीवर टाकत असल्याची भीती त्यामागे होती.

गंमत अशी, की वादाचा उलगडा अ‍ॅटकिन्सन यांनी आधार घेतलेल्या व्होल्वोच्या अहवालातच आहे. सी-४० ही विद्युत मोटार पवनऊर्जेवर चालवली, तर ४९ हजार किलोमीटरनंतर ती पेट्रोलवरील एक्ससी-४० पेक्षा सरस ठरते. युरोपीय संघातील सरासरी विजेवर हा टप्पा ७७ हजारांवर, तर जगातील सरासरी विजेवर एक लाख दहा हजारांवर येतो. प्रश्न म्हणून मोटारीच्या वयाचा कमी आणि तिच्या वापराचा अधिक आहे. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणाऱ्या नोकरदाराच्या मोटारीला ७७ हजारांचा टप्पा पाच वर्षांत लागतो. रविवारी सकाळी बाहेर काढल्या जाणाऱ्या, वर्षाकाठी दोन हजार किलोमीटर धावणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारला तो गाठायला ३८ वर्षे लागतील. अ‍ॅटकिन्सन यांच्या मॅक्लारेनलाही १८ वर्षांत तो गाठता आला नाही. ही तुलना काटेकोर नव्हे. व्होल्वोचे आकडे दोन नव्या मोटारींचे आहेत आणि मॅक्लारेन पेट्रोलही कितीतरी अधिक पिते. तरी दिशा स्पष्ट आहे. क्वचित चालणाऱ्या जुन्या मोटारीसाठी त्यांचा सल्ला योग्य, रोज कामावर नेणाऱ्या मोटारीसाठी तो चुकीचा. मॅक्लारेनवाल्याने दिलेला सल्ला उपनगरातून रोज ये-जा करणाऱ्यानेही मानला, येथेच घोटाळा झाला.

बॅटरी दहा वर्षांत निकामी होण्याची भीतीही अतिरंजित आहे. बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा एक लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात आणि हमी संपली म्हणजे बॅटरी संपली असे नव्हे.

भारतात हा हिशेब बराच वेगळा आहे. ब्रिटनमधील अखेरचे कोळशावरील वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. भारताच्या विजेचा मोठा भाग आजही कोळशातून येतो. ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन’च्या २०२१ मधील अभ्यासानुसार, मध्यम आकाराच्या विद्युत मोटारीचे आयुष्यभराचे उत्सर्जन पेट्रोल मोटारीपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्क्यांनी, तर भारतात १९ ते ३४ टक्क्यांनी कमी भरते. लाभ आहे, पण निम्म्याहून कमी. त्यामुळे पुण्या-मुंबईत थोडी वापरलेली जुनी मोटार राखून ठेवणाऱ्याची बाजू लंडनपेक्षा अधिक भक्कम ठरते.

ब्रिटनमध्ये निव्वळ पेट्रोल व डिझेलवरील नव्या मोटारींची विक्री थांबविण्याची मुदत २०३० होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती २०३५ पर्यंत लांबली आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने पुन्हा २०३० वर आणली. त्या निर्णयात छोट्या उत्पादकांना सूट देण्यात आली. सूट मिळालेल्यांत अ‍ॅस्टन मार्टिन आहे, आणि मॅक्लारेनही.