परीक्षा कशासाठी, त्यावर पद्धत ठरते

निकालपत्रक हातात पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, "किती मिळाले?" ती परीक्षा नेमकं काय तपासायला घेतली होती, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी आपली काही मुलं घरी दखनी किंवा उर्दू बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे.

शिक्षण हक्क अधिनियम 2009 च्या कलम 29 मध्ये सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन सांगितलं आहे. त्यानुसार महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी पद्धत ठरली. ती हेतूनुसार अशी समजून घ्यावी :

सुरुवात कुठून करायची? पायाभूत चाचणी. मुलाला मागच्या इयत्तेचं काय येतं, ते यातून कळतं. इथले कमी गुण म्हणजे नापास होणं नव्हे.

शिकणं चालू असताना? आकारिक मूल्यमापन. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय यांचा यात समावेश होतो. मकतबात उस्ताद रोज सबक ऐकतात आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतात, तसंच हे.

सत्राअखेर किती शिकलं? संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिकला 70 आणि संकलितला 30 टक्के भार, तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला 50-50, सातवी-आठवीला 40 आणि 60.

नेमकं कुठे अडतंय? निदानात्मक चाचणी. इथे गुणांपेक्षा चुकीचं कारण शोधायचं असतं.

आमच्या वर्गातलंच उदाहरण सांगतो. गणित होतं : 50 किलोची 4 पोती भात, त्यातला 60 किलो विकला, शिल्लक किती? एका मुलाने उत्तराची जागा कोरी सोडली. आम्ही त्याला जवळ बोलावून उर्दूत विचारलं, "कितना बचा?" तो लगेच म्हणाला, "एकसौ चालीस." हिशेब त्याला येत होता, 'शिल्लक' हा शब्द अडला होता. लेखी पेपरवर थांबलो असतो तर त्याला गणितात कच्चा ठरवून मोकळे झालो असतो. त्याला गणिताची शिकवणी लावून उपयोग नव्हता, मराठी शब्द शिकवायचे होते. पण मराठीचं लेखन तपासायचं असेल तर लेखी परीक्षाच हवी, तिथे तोंडी उत्तर चालणार नाही.

2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा मिळते. त्यातही अपयश आलं तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. त्यामुळे कच्चा दुवा एप्रिलमध्ये सापडून चालणार नाही, तो दिवाळीआधीच सापडला पाहिजे.

पालकांनी शाळेत गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात : आकारिकच्या नोंदी काय सांगतात? चूक विषयाची आहे की भाषेची? तोंडी विचारलं तर येतं का?

एका निकालपत्रकावरून "हिला डोकं नाही, आता शाळा बस्स" असा निर्णय, विशेषतः मुलींच्या बाबतीत, कुणीही घेऊ नये. एका पेपरला एवढं मोठं उत्तर देता येत नाही.