लाख, पितळ आणि आटे: तलवारीच्या मुठीपासून विद्युतवेटोळ्यापर्यंत

१/ प्लास्टिकच्या भागात स्क्रू वारंवार काढला-घातला की आटे झिजतात. म्हणून त्यात आटे पाडलेली छोटी पितळी नळी, म्हणजे ‘इन्सर्ट’, तापवून बसवतात. ही युक्ती आधुनिक वाटते. परंतु तिचे पूर्वरूप तलवारीच्या मुठीत आढळते.

२/ पोकळ मुठीत उष्णतेने मऊ केलेले लाखेचे मिश्रण भरून त्यात पात्याचे निमुळते टोक रोवीत. लाख थंड झाली की पाते पक्के होई. पाते बदलायचे असल्यास मूठ पुन्हा तापवीत.

३/ या कथेतील दोन्ही द्रव्ये भंडाऱ्याला परिचित. वैनगंगेकाठचे हे शहर पितळी भांड्यांमुळे ‘पितळनगरी’ म्हणून ओळखले जाते. पळस-कुसुमावरील लाखकिड्यांपासून मिळणारी लाख ही या भागातील वनसंपदा. १९९९ पर्यंत गोंदियाही याच जिल्ह्यात होते.

४/ विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या उपकरणांत विद्युतरोधक म्हणून लाख वापरली जाई. तिला पर्याय शोधताना लिओ बेकेलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट घडवले. पुढे ध्वनिमुद्रिकांतही लाखेची जागा व्हायनलने घेतली. प्रयोगशाळेतील या शोधांची झळ रानात लाख वेचणाऱ्यांपर्यंत पोहोचली.

५/ परंतु बेकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा मऊ होत नाही. त्यामुळे तापवून रोवण्याची रीत तेथे निरुपयोगी ठरली. धातूचा भाग आधीच साच्यात ठेवावा लागे.

६/ नायलॉन, एबीएस यांसारखी प्लास्टिके मात्र लाखेप्रमाणे उष्णतेने मऊ होतात. त्यांच्यासोबत जुनी रीत परतली. इन्सर्ट तापवून दाबला की वितळलेले प्लास्टिक त्याच्या बाहेरील खाचांत शिरते आणि निवताच त्याला जखडते.

७/ हे तापवणे विद्युतवेटोळ्यानेही करता येते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतप्रवर्तन हाच त्याचा पाया. वेटोळ्यातील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे पितळेत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते आतूनच तापते. प्लास्टिक विद्युतवाहक नसल्याने त्यात असे प्रवाह उठत नाहीत. त्याला ऊब मिळते ती पितळेच्या स्पर्शानेच.

८/ उष्णता कमी पडली तर प्लास्टिक खाचांत शिरत नाही, अधिक झाली तर ते जळते. हा अंदाज पूर्वी कारागिराच्या हाताला असे. आता तो प्रवाह व सेकंदांच्या हिशेबात बांधला जातो. मात्र रुतलेला इन्सर्ट काढायचा असल्यास आजही तो पुन्हा तापवावा लागतो, त्या तलवारीच्या मुठीसारखाच.